हार्ड डिस्कची साक्ष : लिनक्स सर्व्हर आणि साठवण-यंत्रे यांतील विसंवादाचा इतिहास (१९९१–२०२१)

२५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने मिनिक्स या प्रणालीच्या अभ्यासकांना उद्देशून एक छोटेसे निवेदन प्रसृत केले. छंद म्हणून एक नवी संगणक-प्रणाली रचण्याचे काम चालू आहे, असे सांगून त्याने तिच्या मर्यादाही प्रांजळपणे नमूद केल्या होत्या. ए.टी. पद्धतीच्या हार्ड डिस्कवाचून अन्य कोणतीही डिस्क तिला बहुधा कधीच चालणार नाही, कारण स्वतःपाशी तेवढीच आहे, ही त्यांपैकी एक होय. सप्टेंबर १९९१ मधील ०.०१ या पहिल्या आवृत्तीत ही मर्यादा प्रत्यक्ष पाहावयास मिळते. डिस्कचे वर्णन, म्हणजे ९८० सिलिंडर, ५ हेड आणि प्रत्येक वर्तुळमार्गावर १७ सेक्टर, हे प्रणालीच्या मूळ संहितेतच लिहून ठेवलेले होते. डिस्क निराळी असल्यास संहिता बदलून प्रणाली पुन्हा घडवावी लागे. डिस्कला काही विचारण्याची सोय नव्हती. म्हणून तिच्याकडून दिशाभूल करणारे उत्तर मिळण्याचाही संभव नव्हता.

हीच प्रणाली पुढे लिनक्स या नावाने जगभरच्या सर्व्हरांवर रुळली, आणि टोरव्हाल्ड्सच्या त्या भाकिताच्या अगदी उलट घडले. नाना प्रकारच्या, नाना कंपन्यांच्या, नाना काळांतील डिस्क तिला जोडल्या जाऊ लागल्या. त्याबरोबरच एक तक्रार सर्वत्र ऐकू येऊ लागली. नवी डिस्क जोडली असता सर्व्हर ती ओळखत नाही. ओळखली तर आकार भलताच दाखवतो. किंवा काही आठवडे सुरळीत चालवून मग अकस्मात तिला बाहेर काढतो. अशा प्रसंगी ‘डिस्क खराब आहे’ किंवा ‘लिनक्सला ही डिस्क मानवत नाही’ असा निर्णय देऊन प्रकरण मिटविण्याकडे प्रवृत्ती असते. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की, यांतील बहुतेक विसंवाद यंत्राच्या बिघाडातून उद्भवलेले नसून निरनिराळ्या काळी झालेले दोन करार एकाच यंत्रात समोरासमोर आल्यामुळे उद्भवलेले आहेत. डिस्क स्वतःविषयी जे सांगते ते केवळ वस्तुकथन नव्हे. ती कोणा एका काळच्या श्रोत्यासाठी रचलेली साक्ष असते. म्हणून दोषाचा शोध हा बव्हंशी साधनचिकित्सेचाच एक प्रकार ठरतो.

१. भूमितीची कल्पितकथा

१९८३ साली आय.बी.एम.ने १० मेगाबाइटांची हार्ड डिस्क बसविलेला पी.सी. एक्स.टी. हा संगणक बाजारात आणला. डिस्कवरील कोणत्याही जागेचा पत्ता त्या काळी तीन अंकांनी सांगितला जाई : सिलिंडर, हेड आणि सेक्टर. संगणकाच्या बायोसने या तीन अंकांसाठी अनुक्रमे १०, ८ आणि ६ बिटे राखून ठेवली. पुढे १९८६ च्या सुमारास वेस्टर्न डिजिटल, कंट्रोल डेटा आणि कॉम्पॅक यांच्या प्रयत्नांतून आय.डी.ई. ही जोडणी-पद्धती निर्माण झाली. तिने त्याच तीन अंकांसाठी १६, ४ आणि ८ बिटे योजिली. प्रत्येक योजना आपापल्या जागी पुरेशी प्रशस्त होती. बायोसच्या योजनेत सुमारे ८.४ गिगाबाइट, तर आय.डी.ई.च्या योजनेत सुमारे १३७ गिगाबाइट मावत होते. परंतु दोन्ही एकत्र आल्या तेव्हा प्रत्येक अंकाच्या बाबतीत जी मर्यादा लहान तीच लागू पडली. १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर आणि दर सेक्टरला ५१२ बाइट, असा गुणाकार केला म्हणजे ५२,८४,८२,३०४ बाइट भरतात. ५२८ मेगाबाइटांची ही प्रसिद्ध भिंत कोणी बांधलेली नव्हती. दोन अंगणांची कुंपणे एकमेकांवर पडून ती उभी राहिली होती.

या भिंतीवर काढलेला उपाय इतिहासदृष्ट्या फार बोधप्रद आहे. सिलिंडरांची संख्या निम्मी करावयाची आणि हेडांची दुप्पट, असे करीत बायोसने डिस्कचे एक खोटे पण सोयीस्कर वर्णन तयार केले. वस्तुतः डिस्कने दिलेले मूळ वर्णनही तोवर काल्पनिकच झालेले होते. बाहेरचे वर्तुळमार्ग आतल्यांपेक्षा लांब असल्याने त्यांवर अधिक सेक्टर बसविण्याची रीत रूढ झाली होती, आणि ‘प्रत्येक मार्गावर ६३ सेक्टर’ हे विधान कोणत्याच मार्गाला लागू पडेना. १६ हेड सांगणाऱ्या डिस्कच्या पोटात दोन किंवा चारच हेड असत. ८.४ गिगाबाइटांपलीकडील सर्व डिस्क तर १६,३८३ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर असे एकच ठरावीक उत्तर देऊ लागल्या. खरा आकार त्या उत्तरात नसून एकापाठोपाठ एक सेक्टर मोजणाऱ्या एल.बी.ए. या दुसऱ्या गणनेत होता.

लिनक्स सर्व्हरची अडचण येथेच उद्भवली. प्रणाली एकदा सुरू झाली की कर्नल बायोसला बाजूस सारून डिस्कशी थेट बोलत असे. पण खुद्द कर्नलला डिस्कवरून उचलून आणण्याचे काम लिलो हा आरंभक बायोसच्याच साह्याने करी. एकाच डिस्कचे दोन श्रोते झाले आणि दोघांपाशी तिची दोन वर्णने राहिली. ती जुळली नाहीत की यंत्र सुरू होताना पडद्यावर ‘लिलो’ हा संपूर्ण शब्द उमटण्याऐवजी त्याची पहिली दोनच अक्षरे उमटत आणि सर्व काही स्तब्ध होई. नवख्या माणसाला ते गूढ वाटे. जाणत्याला त्या दोन अक्षरांतच निदान सापडे : आरंभकाचा पहिला भाग मिळाला, दुसरा मात्र सांगितलेल्या पत्त्यावर नव्हता. कर्नल पहिल्या १०२४ सिलिंडरांच्या आतच ठेवावा, त्यासाठी डिस्कच्या आरंभी एक लहानसे पार्टिशन राखावे, ही प्रथा यातून पडली. मूळ कारण नाहीसे झाल्यानंतरही ती प्रथा दीर्घकाळ पाळली गेली, ही गोष्ट संस्थांच्या इतिहासाच्या अभ्यासकांना अपरिचित वाटणार नाही. या साऱ्या गोंधळाची पद्धतशीर नोंद आंद्रिएस ब्रौवर यांनी मोठ्या डिस्कांविषयीच्या आपल्या मार्गदर्शिकेत केली. तिचे स्वरूप तांत्रिक पुस्तिकेचे असले तरी ती वस्तुतः या कालखंडाची बखरच आहे.

२. घोषित अंत आणि खरा अंत

१९९९ च्या सुमारास ३३.८ गिगाबाइटांची दुसरी भिंत पुढे आली. काही बायोस त्याहून मोठी डिस्क पाहताच जागच्या जागी थबकत. उत्पादकांनी डिस्कवर एक जंपर ठेवला. तो बसविला म्हणजे डिस्क आपला आकार मुद्दाम कमी सांगे. बायोस संतुष्ट होई, पण लिनक्सलाही तोच कमी आकार दिसे. लहान सांगितलेली डिस्क पुन्हा पूर्ण उघडण्यासाठी स्वतंत्र साधने लिहावी लागली.

१९९८ च्या ए.टी.ए.-४ या प्रमाणात हाच प्रकार ‘राखीव क्षेत्र’ या नावाने अधिकृत झाला होता. डिस्कच्या शेवटी काही जागा राखून ठेवता येई आणि सर्वसाधारण पृच्छेला डिस्क त्या जागेच्या अलीकडचाच अंत सांगे. खरा अंत जाणण्यासाठी निराळी आज्ञा द्यावी लागे. लिनक्सचा जुना आय.डी.ई. ड्रायव्हर हे बंधन मोडून सबंध डिस्क उघडत असे. २००३ पासून जेफ गार्झिक यांनी विकसित केलेली लिबाटा ही नवी यंत्रणा मात्र बंधनाचा मान राखी. परिणाम असा झाला की, तीच डिस्क, तोच सर्व्हर, केवळ कर्नल नवा. आणि डिस्क काही सेक्टरांनी आखूड झालेली. काही मदरबोर्डांचे बायोस स्वतःची प्रत ठेवण्यासाठी डिस्कच्या शेवटी गुपचूप असे क्षेत्र निर्माण करीत. अनेक डिस्कांच्या एकत्रित रेड-रचनेत एक डिस्क जरी किंचित आखूड निघाली तरी ती नाकारली जाते. तेव्हा निर्दोष डिस्क केवळ दुसऱ्या यंत्रातून फिरून आली म्हणून अपात्र ठरे. एचडीपार्म या साधनाने घोषित अंत आणि खरा अंत शेजारी शेजारी ठेवून पाहिले की प्रश्नाचा उलगडा होतो; एकच आकडा पाहणाऱ्याला तो कधीही होत नाही.

या स्थित्यंतराने नावांचाही घोळ केला. जुन्या यंत्रणेत ‘एचडीए’ म्हणून ओळखली जाणारी डिस्क नव्या यंत्रणेत ‘एसडीए’ झाली, आणि जुनी नावे लिहिलेल्या याद्यांवर विसंबलेले सर्व्हर सुरू होईनात. फाइल-व्यवस्थेच्या स्वतःच्या ओळख-क्रमांकावरून तिला शोधण्याची रीत यानंतर प्रचारात आली. जुना आय.डी.ई. विभाग अखेर २०२१ साली, ५.१४ या आवृत्तीत, कर्नलमधून काढून टाकण्यात आला.

३. सेक्टरचे माप

डिस्कवरील पार्टिशनांची जी नोंद १९८३ साली रूढ झाली, तीत सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहिला जाई. ५१२ बाइटांच्या सेक्टरांनी मोजल्यास तिची मर्यादा २१,९९,०२,३२,५५,५५२ बाइट, म्हणजे सुमारे २.२ टेराबाइट येते. २०१० मध्ये ३ टेराबाइटांच्या डिस्क आल्या, तेव्हा सत्तावीस वर्षांपूर्वीच्या या नोंदीचा अंत दिसला. जी.पी.टी. ही नवी नोंद-पद्धती लिनक्सला अवगत होती. परंतु मध्ये असलेली यंत्रे जुनीच होती. एल.एस.आय. कंपनीच्या एस.ए.एस. १०६८-ई या चिपवर आधारलेली, सर्व्हरांत पुष्कळ वापरली गेलेली नियंत्रक-कार्डे २.२ टेराबाइटांपलीकडे पाहू शकत नसत. ३ टेराबाइटांची डिस्क कोठे २.२, तर कोठे अवघी ०.८ टेराबाइट दिसे. यांपैकी दुसरा आकडा विशेष बोलका आहे, कारण एकूण आकारातून ३२ बिटांची मर्यादा वजा जाता नेमके तेवढेच उरते. चुकीच्या आकड्यातही चूक करणाऱ्याची ओळख दडलेली असते.

खुद्द सेक्टरचे ५१२ बाइटांचे मापही याच सुमारास बदलले. डिसेंबर २००९ पासून ४,०९६ बाइटांच्या सेक्टरांच्या डिस्क बाजारात येऊ लागल्या. परंतु जुन्या प्रणालींचा खोळंबा होऊ नये म्हणून त्या बाहेरच्या जगाला ५१२ चाच आकडा सांगत. लिनक्सने २००९ च्या २.६.३१ या आवृत्तीत ‘तार्किक’ आणि ‘भौतिक’ अशी दोन मापे वेगळी विचारण्याची सोय केली होती. मात्र आरंभीच्या काही डिस्क दोन्ही प्रश्नांना ५१२ हेच उत्तर देत. तशात पहिले पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू करण्याची जुनी रीत अजून चालू होती. ६३ ला ८ ने भाग जात नाही. त्यामुळे प्रणालीचा प्रत्येक ४,०९६ बाइटांचा घटक डिस्कवरील दोन सेक्टरांवर पसरे, आणि प्रत्येक लेखनासाठी डिस्कला आधी वाचन, मग दुरुस्ती, मग पुनर्लेखन असा द्राविडी प्राणायाम करावा लागे. डिस्क बिघडलेली नव्हती, कर्नलही बिघडला नव्हता. तरीही सर्व्हर कमालीचा मंद होई. पार्टिशन २,०४८ व्या सेक्टरपासून सुरू करण्याची रीत पडली, तेव्हा हा दोष मावळला. ६३ हा आकडा मात्र त्या जुन्या, कधीच खऱ्या न ठरलेल्या भूमितीचा अखेरचा अवशेष होता.

मोठ्या साठवण-संचांतून निवृत्त झालेल्या एस.ए.एस. डिस्कांची कथा याहून निराळी नाही. त्या संचांत प्रत्येक सेक्टरसोबत तपासणीसाठी ८ बाइट अधिक ठेवले जात. म्हणून त्यांचा सेक्टर ५२० बाइटांचा असे. अशी डिस्क सामान्य लिनक्स सर्व्हरला जोडली की तिचे नाव, क्रमांक, सारे काही दिसते. पण सेक्टरचे हे माप मान्य नसल्याचे सांगून कर्नल तिची साठवण-जागा शून्य मानतो. पुष्कळ डिस्क याच टप्प्यावर मृत ठरविल्या गेल्या. प्रत्यक्षात ५१२ बाइटांच्या मापाने तिचे पुन्हा मूलभूत फॉर्मॅटिंग केले असता ती पूर्ववत उपयोगी पडते, अर्थात तिच्यावरील जुनी माहिती नष्ट करूनच. २०१६ च्या साटा ३.३ प्रमाणानंतरच्या काही डिस्कांचे मौन तर याहूनही गाढ असते. वीज-जोडणीतील तिसऱ्या पिनेचा अर्थ त्या प्रमाणाने बदलला. जुने वीजपुरवठे तेथे ३.३ व्होल्ट देत राहतात आणि नवी डिस्क त्यालाच ‘बंद राहा’ अशी आज्ञा समजते. येथे कर्नलच्या नोंदीत एक अक्षरही सापडत नाही. साधनांचे मौन हाही पुरावा असतो. मात्र तो कशाचा पुरावा, हे साधनांबाहेर जाऊनच ठरवावे लागते.

४. काळाचा करार

आतापर्यंतचे विसंवाद मापांचे होते. यापुढचे काळाचे आहेत. घरगुती संगणकासाठी बनविलेल्या डिस्कला एखादा सेक्टर वाचता आला नाही, तर ती मिनिट-दोन मिनिटेही प्रयत्न करीत राहते, कारण त्या माहितीची दुसरी प्रत नाही असे ती गृहीत धरते. रेड-रचनेसाठी बनविलेली डिस्क साधारण ७ सेकंदांत हार मानून तसे कळवते, कारण दुसरी प्रत शेजारच्या डिस्कवर आहे हे तिला अभिप्रेत असते. लिनक्स कर्नल सर्वसाधारणपणे ३० सेकंद वाट पाहतो. म्हणून घरगुती डिस्क सर्व्हरमध्ये बसविली की एका सेक्टरच्या दोषासाठी तिचे मौन ३० सेकंदांपलीकडे जाते, कर्नल जोडणी पुन्हा सुरू करतो आणि अखेर सबंध डिस्क रचनेतून बाहेर काढली जाते. स्मार्टसीटीएल या साधनाने डिस्कची मुदत ७ सेकंदांवर आणता येते. डिस्क ते मान्य करीत नसेल तर कर्नलची मुदत वाढविता येते. दोहोंपैकी एकाने दुसऱ्याचे घड्याळ स्वीकारले की पुरे.

२०२० मधील प्रकरण मात्र वेगळ्या जातीचे आहे. वर्तुळमार्ग कौलांप्रमाणे एकमेकांवर चढवून लिहिण्याच्या पद्धतीत जागा वाढते. पण कोठेही मध्ये लिहावयाचे झाल्यास शेजारचे मार्गही पुन्हा लिहावे लागतात. डिस्क हे काम स्वतःच, गुपचूप, फावल्या वेळी उरकते. रेड-रचनेत नवी डिस्क घालून तिची पुनर्रचना चालू असताना फावला वेळ नसतोच. तेव्हा डिस्क दीर्घकाळ गप्प होते किंवा चुका कळविते, आणि विशेषतः झेड.एफ.एस. वापरणारे सर्व्हर तिला बाहेर काढतात. लहान साठवण-सर्व्हरांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या रेड या नाममुद्रेच्या २ ते ६ टेराबाइटांच्या काही डिस्कांत ही पद्धत वापरली असल्याचे वेस्टर्न डिजिटलने एप्रिल २०२० मध्ये मान्य केले. विक्रीच्या वेळच्या माहितीपत्रकांत तसा उल्लेख नव्हता. नंतर कंपनीने नावे बदलून दोन प्रकार वेगळे केले. पूर्वीच्या सर्व प्रसंगी डिस्कचे असत्य हे जुन्या श्रोत्याच्या सोयीसाठी होते आणि त्याची वाच्यता प्रमाणग्रंथांत झालेली होती. येथे पृच्छेला उत्तरच नव्हते. सोयीसाठी रचलेली कल्पितकथा आणि हेतुतः राखलेले मौन, यांत भेद केला पाहिजे. कारण पहिलीवर उपाय साधनांत सापडतो, तर दुसरे उघडे पडण्यासाठी अनेकांनी आपापले अनुभव जाहीरपणे ताडून पाहावे लागतात.

५. परीक्षकाची परीक्षा

याचा अर्थ प्रत्येक वेळी डिस्कलाच आरोपी मानावे असा नव्हे. २०१५ च्या जून महिन्यात आल्गोलिया या कंपनीने आपल्या लिनक्स सर्व्हरांवरील फाइलींत मधूनच शून्ये आढळत असल्याचे प्रसिद्ध केले. फिरती चकती नसलेल्या सॅमसंगच्या साठवण-यंत्रांवर हा प्रकार दिसे, इतरांवर दिसत नसे; सबब संशय सॅमसंगवर गेला. निको झालेली जागा साफ करण्याची ‘ट्रिम’ ही आज्ञा ती यंत्रे चुकीच्या ठिकाणी बजावीत असावीत, असा तर्क होता. पुढच्याच महिन्यात सॅमसंगच्या अभियंत्यांनी दाखवून दिले की, रेड-रचनेतील निरनिराळ्या यंत्रांत ही आज्ञा वाटून देताना लिनक्स कर्नलच चूक करीत होता. आणि त्यांनी दुरुस्तीही सादर केली. प्रकरण गुंतागुंतीचे होण्याचे आणखी एक कारण होते. सॅमसंगच्या काही यंत्रांत रांगेत लावलेल्या ट्रिम आज्ञांविषयी एक खराखुरा दोष होता आणि त्याची नोंद कर्नलमध्ये झालेली होती. आधीच्या खऱ्या दोषामुळे नंतरचा खोटा आरोप विश्वसनीय वाटला. पूर्वचरित्रावरून साक्षीदाराला दोषी ठरविण्यातील धोका याहून स्पष्टपणे क्वचितच दिसून येतो.

कर्नलच्या लिबाटा विभागात अशा नोंदींची एक यादीच आहे. यंत्राचे नाव, त्याच्या अंतर्गत आज्ञावलीची आवृत्ती आणि त्याच्याशी बोलताना पाळावयाचा अपवाद, एवढेच तीत लिहिलेले असते. कोणा अनामिक व्यवस्थापकाचा सर्व्हर कधीतरी अडला, त्याने कारण शोधले, ते इतरांनी पडताळले आणि एक ओळ वाढली. ही यादी सर्वांना वाचावयास खुली आहे, आणि तीत नवी ओळ का आली हेही बदलांच्या नोंदींतून पाहता येते. तीन दशकांच्या विसंवादांचे हे एक दप्तरच होय.

उपरिनिर्दिष्ट प्रसंगांतून शोधाचा एक क्रम निष्पन्न होतो. प्रथम कर्नलची आरंभ-नोंद पाहून डिस्कने काय सांगितले ते जसेच्या तसे टिपावे. डिस्क दिसतच नसेल तर वीज-जोडणीपासून आरंभ करावा. दिसत असेल तर तोच प्रश्न दुसऱ्या साधनाने, शक्य तर दुसऱ्या नियंत्रकावर, पुन्हा विचारावा. दोन उत्तरे भिन्न आली तर त्यांतील फरकाचा आकडा काढावा, कारण तो आकडाच बहुधा विशिष्ट कराराकडे बोट दाखवितो. त्यानंतर डिस्क, नियंत्रक, बायोस आणि कर्नल यांची वर्षे एका ओळीत मांडावीत. आणि या साऱ्यापूर्वी माहितीची स्वतंत्र प्रत काढून ठेवावी. कारण चाचणीतील बहुतेक उपाय केवळ निदान करीत नाहीत, ते डिस्कवर लिहितात, आणि एकदा पुसलेली साक्ष पुन्हा मिळत नाही.

या शेवटच्या सूचनेतच विषयाचे गांभीर्य सामावलेले आहे. उद्याच्या इतिहासकाराची पुष्कळशी साधने अशाच डिस्कांवर असणार आहेत. ज्या डिस्कला ‘मृत’ म्हणून टाकून दिले जाते, तिच्यावरील लेख प्रत्यक्षात नष्ट झालेला नसून केवळ दोन काळांचा संवाद तुटल्याने अवाचनीय झालेला असू शकतो. मोडी लिपी वाचता न येणाऱ्याला दप्तर कोरे वाटत नाही, दुर्बोध वाटते; आणि दुर्बोध आहे म्हणून ते कोणी जाळीत नाही. तेवढाच धीर या नव्या दप्तरांच्या बाबतीतही बाळगला गेला, तर पुष्कळसा मजकूर वाचेल, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.